शीग लावलेला शेर

फोन, घड्याळ, पाकीट सगळं इथंच ठेवा. चपला राहू द्या, पुढं चिखल आहे. सकाळपासून काही खाल्लं नसेल तर फारच छान, कारण मी तुम्हाला उपाशी बाजूनं आत सोडणार आहे.

साल १७९१, मे महिना सरत आलाय. श्रीरंगपट्टणाच्या उत्तरेला, मेलकोट्याच्या अलीकडचं माळरान. पाऊस यंदा लवकर आला. तुम्ही लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या इंग्रजी फौजेत उभे आहात आणि काहीतरी चुकतंय, पण काय ते चटकन कळत नाही. मग कळतं. एवढी हजारो माणसं, आणि चुलीचा धूर कुठेच नाही.

ही फौज टिपूची राजधानी घ्यायला आली होती. राजधानी डोळ्यांना दिसली, तिथवर पोचलीही. पण बैल मेले. चारा संपला, दाणा संपला, पावसानं वाटा मोडल्या आणि बैल जागच्या जागी बसले ते उठलेच नाहीत. बैल नाहीत म्हणजे तोफा ओढायला कोणी नाही. किल्ला फोडायला आणलेल्या जड तोफा गोऱ्यांनी स्वतःच्याच हातांनी निकामी करून टाकल्या. वाऱ्याबरोबर येणारा तो गोडसर, घशात चिकटणारा वास मेलेल्या जनावरांचा आहे. नाकाला धोतराचा सोगा लावा. शेजारी बसलेला शिपाई कधीपासून काहीतरी चघळतोय. काय ते विचारू नका.

एवढ्यात टेकाडाच्या कडेला घोडेस्वार दिसतात. एक, दहा, मग मोजता न येण्याइतके. आरडाओरडा होतो, बंदुका उठतात, काही सुटतातही. त्या धुरातून एकटाच स्वार घोडा फेकत, हात हलवत, जिवावर उदार होऊन तुमच्याकडं येतो. गोऱ्यांना तो कोण ते कळायला वेळ लागतो. तुम्हाला त्याची पगडी पाहूनच कळतं. दोस्त मराठ्यांची आख्खी फौज इतक्या जवळ होती आणि इकडं कुणाला पत्ता नव्हता, कारण निरोप घेऊन निघालेले हरकारे टिपूचे स्वार वाटेतच गाठत होते.

तुमच्या मुठीत एक रुपया आहे. अर्काटी. घट्ट धरा आणि त्या स्वारांच्या मागं मागं चालायला लागा.

छावणी दिसण्याआधी तिचा वास भेटतो. आधी ओला लाकूडधूर. मग भिजलेलं घोंगडं, घोड्याचं मूत, शेण, कुठेतरी तेलात पडलेलं हिंग. आणि या सगळ्यांना मागे टाकून पुढं आलेला एक वास, की ज्यानं तुमचे पाय थबकतात. सुकी मासळी! समुद्र इथून किती लांब, मध्ये सह्याद्री उभा, आणि म्हैसूरच्या पठारावर कोकणातली खारवलेली मासळी ढिगानं विकायला आहे. कुणीतरी ती किनाऱ्यावर वाळवली, कुणीतरी घाट चढवून वर आणली, कुणीतरी लढाईच्या मुलखातून इथवर हाकत आणली. त्यातल्या एकालाही पेशव्यांनी हुकूम केलेला नव्हता.

आता आत शिरा. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन या दोघांच्या फौजा इथं आहेत, पण तुम्हाला फौज दिसतच नाही. दिसते ती पेठ. पालाला पाल लागलेलं, मधून गल्ली, गल्लीत खांद्याला खांदा. पखालजी ओरडत घुसतो आणि त्याची ओली पखाल तुमच्या पाठीवर घासून जाते. एक तट्टू तुमच्या पायावर पाय देतं. डाव्या हाताला काश्मिरी शाली, त्यांच्याच शेजारी कुणाच्या तरी अंगावरून उतरलेले जुने अंगरखे. उजवीकडं विलायती बनात आणि विलायतेचेच छोटे मिटते चाकू. पुढच्या पालात जवाहिऱ्या हिरे दाखवतोय, आणि त्याच फडक्याच्या कोपऱ्यात चांदीची दोन साधी कर्णफुलं पडली आहेत. ती लुटीची आहेत. कुठल्यातरी खेड्यातल्या पोरीच्या कानातून निघाली असणार. पेठेत कुणी तसं बोलून दाखवत नाही, भाव तेवढा सांगतात.

सराफ उघड्यावरच बसलाय. समोर पसरलेली नाणी पाहून डोळे फिरतात: होन, मोहरा, दहा मुलखांचे रुपये. तुमचा अर्काटी तो दगडावर आपटतो, कान देतो, नखानं कड खरवडतो आणि बट्टा कापून खुर्दा तुमच्या ओंजळीत ओततो. हुज्जत घाला, थोडी तरी घाला. नाहीतर तुम्ही परके आहात हे त्याला लगेच कळेल.

पण माझा जीव अडकतो तो पलीकडच्या चांभाराच्या खड्ड्यात. कातडं कमावणं म्हणजे एका जागी महिनोन् महिने बसून करायचा धंदा. रोज मुक्काम हलवणाऱ्या फौजेत तो चालावा कसा? या गड्यानं जमिनीत गोल खड्डा खणलाय आणि आतून कच्चं कातडं अंथरलंय. झाला हौद. त्यात सालींचा काढा, काढ्यात भिजत पडलेली कातडी. कूच झालं की अंथरलेल्या कातड्याच्या कडा वर ओढायच्या, गच्च बांधायच्या, सगळं आतल्या मालासकट जनावरावर टाकायचं. पुढच्या मुक्कामावर नवा खड्डा. वास असा, की डोळ्यांतून पाणी यावं. पण गोरे अधिकारी पट्टे आणि तोबरे विकत घ्यायला इथंच येणार आहेत.

या सगळ्या लोकांना आपल्याकडं एक नाव आहे: बाजारबुणगे. शाळेत पानिपत शिकवताना मास्तरांनी तो शब्द शिवीसारखा उच्चारला होता, आठवतं? लढाई हरली ती यांच्या ओझ्यानं, अशा सुरात. मला ते कधीच पटलेलं नाही. पानिपताच्या मोहिमेत रसद धाडणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि ती आटली, तेव्हा ओझं बुणग्यांचं नव्हतं, रिकाम्या गोण्यांचं होतं. असो. तुम्हाला भूक लागली आहे.

वाण्याच्या पालाशी गर्दी आहे. इंग्रजी छावणीतले खानसामे, खलाशी, शिपाई, सगळे तुमच्या आधीच पोचलेत आणि पैसे नाचवतायत. वाणी त्यांना ज्वारी मोजतो तेव्हा शेर भरल्यावर तळहात काठावरून सपकन फिरवतो, वरचे दाणे पुन्हा पोत्यात. भाव तर असा सांगतो, की त्यांच्यातला एक जण कपाळावर हात मारतो. मग तुम्ही म्हणता, “शेटजी, शेरभर ज्वारी द्या, आणि मिरच्या कशा दिल्या?” मराठी ऐकून तो मान वर करतो. “आपल्याकडचे दिसता. कुठले?” तुम्ही काहीतरी सांगता. शेर भरतो, भरल्यावरही ओंजळ ओततच राहतो, काठाच्या वर दाण्यांची टेकडी उभी राहते, टोकावरून दोन दाणे घरंगळतात. शीग लावलेला शेर! चार दाणे वर मिळाले म्हणून तुम्हाला किती आनंद झालाय बघा. फोनवर सवलत मिळाल्यावर होतो त्याहून जास्त.

पलीकडं एक बाई जातं मांडून बसली आहे. दळून, थापून, भाजून देते आणि त्याबद्दल चार मुठी दाणे ठेवून घेते. भाकरी तव्यावरून थेट तुमच्या हातात येते. बोटं पोळतात. वर मिरचीचा ठेचा, जिभेला जाळ. खा सावकाश, अजून बरंच बघायचंय.

शेजारी एक शिलेदार घोड्याच्या तोंडाला तोबरा बांधतोय. घोडा त्याचा स्वतःचा. तोबऱ्यातले हरभरे त्यानं याच वाण्याकडून उधारीवर आणलेत. भाला त्याचा, राहुटी त्याची, जेवणाचीही सोय त्याची त्यानंच करायची. सरकार रोजमुरा देतं, तोही थकलेला. कुजबुज अशी आहे, की पंत इंग्रजांकडंच १४ लाख कर्ज मागणार. (मागतील, आणि मिळेलही. चीनच्या व्यापारासाठी निघालेला पैसा इकडं वळवावा लागेल. पण हे त्याला सांगू नका, लगेच उधारी वाढवील.) घोडा मेला तर शिलेदारकी बुडाली, म्हणून स्वतःच्या पोटाआधी तोबरा भरतो.

“मग सरकारचं काय आहे इथं?” तुम्ही विचारता.

“जरीपटका,” तो म्हणतो, “आणि पेठेवरची पट्टी.”

दिवस कलायला लागतो आणि दुरून एक नाद येतो. आधी वाटतं पाऊस. मग घंटा वेगळ्या ऐकू येतात, मग घुंगरं, मग कुत्र्यांचं भुंकणं. आख्खी पेठ माना वळवते. लमाणांचा तांडा आला!

पुढचा बैल बघा. शिंगांवर लाल गोंडे, कपाळावर कवड्या, गळ्यात घंटा. याच्या पाठीवर ओझं नसतं. हा तांड्याचा पूज्य बैल. हा बसला तिथं मुक्काम. त्याच्या मागं बैलच बैल, प्रत्येकाच्या दोन्ही अंगांना लोंबणारी गोण, पाठी घामानं काळ्या पडलेल्या. किती आहेत ते मोजू नका. पीटर मंडी नावाच्या इंग्रजाला १६३२ साली वाटेत एकच तांडा भेटला, १४,००० बैलांचा. त्यामानानं हा लहान. दिवसाला तीन-चार कोस, वाटेत चरत चरत, म्हणजे चाऱ्याचा खर्च जवळजवळ नाहीच. कॉर्नवॉलिसचे बैल मेले ते नेमके याच फरकामुळं: त्यांना चारावं लागत होतं, आणि त्यांच्यावर जीव लावणारं कुणी नव्हतं. इथं बैल मेला तर मालकाच्या घरात सुतक.

बायका चालत आल्या आहेत, दंडापासून मनगटापर्यंत पांढऱ्या बांगड्या, घागऱ्याला आरसे. सूर्य मावळताना त्या आरशांतून पालांवर कवडसे नाचतात. पुरुष भराभर गोण्या उतरवतात आणि गोलाकार रचतात. बघता बघता धान्याचा तट उभा राहिला. आत बैल, बायका, पोरं, बाहेर कुत्री. जवळ जाऊ नका. ती कुत्री खरोखरच चावतात.

नाईक तटाला टेकून बसलाय. लांब मिशा, कमरेला तलवार, नजर आळशी वाटते पण गोण्या मोजतेय. पंतांचा कारकून कौल घेऊन आलाय: तांड्याला कुणी हात लावणार नाही, जकात माफ, विसार रोख. नाईक कागद हातात घेत नाही, रुपये घेतो. आमच्यात सांगतात, तो मिशीतून हसतो, की जंगी आणि भंगी नाईकांनी दिल्लीच्या वजिराला दख्खनेत १,८०,००० बैल पुरवले आणि बदल्यात सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट घेतला: वाटेल त्या रांजणातलं पाणी, वाटेल त्या छपराचं गवत, दिवसाला तीन खून माफ. कारकुनाला ठसका लागतो.

त्याच्याशी बोलायला तुमची जीभ शिवशिवतेय. ऐंशी वर्षांनी इंग्रज गुन्हेगार जमातींचा कायदा आणतील आणि ठिकठिकाणी याच्या पतवंडांची नावं त्यात जातील. पुढं १९६३ साली पुसदकडचे एक नाईक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होतील आणि तब्बल ११ वर्षं राहतील. यातलं काहीही बोलू नका. त्याला त्यात रस नाही. ‘गोर’ म्हणजे त्यांची माणसं, ‘कोर’ म्हणजे बाकी जग. पेशवा, निजाम, टिपू, कंपनी सगळे कोरच. तो तुमच्याकडं वळून एकच प्रश्न विचारतो.

“तिकडून आलात ना, दादा? गोऱ्यांच्या तळावर ज्वारीला काय देतायत?”

तुम्ही सांगता. का सांगू नये? पाहिलंय ते सांगता: धूर नसलेल्या चुली, चघळणारा शिपाई, पालाशी पैसे नाचवणारे खानसामे. नाईक काही बोलत नाही. फक्त चिलीम जमिनीवर दोनदा झटकतो आणि आत कुणालातरी हाक मारतो.

रात्री तुम्ही शिलेदाराच्या राहुटीत अंग टाकता. जमीन ओली, घोंगडं टोचरं, घोडे पाय आपटतायत, कुठेतरी डफ वाजतोय, कोतवालाचा माणूस हाळी देत फिरतोय. झोप लागते तीही भाकरीच्या जोरावर. पहाटेच्या सुमाराला अर्धवट जागेपणी घंटा ऐकू येतात, आणि त्या लांब चालल्यात असं वाटतं.

उजाडल्यावर तटाच्या जागी शेणाचं वर्तुळ आहे. सगळा तांडा गेलेला नाही. थोड्या गोण्या कारकुनाच्या वाट्याला ठेवून बाकीचे बैल इंग्रजी तळाच्या वाटेला लागलेत. कौल आहे, विसार आहे, पण भाव तिकडं आहे. शिलेदार काही न बोलता घोड्याला खरारा करतोय. आज तोबरा अर्धाच आहे.

तुम्ही उरलेला खुर्दा घेऊन वाण्याकडं जाता. “शेटजी, शेरभर ज्वारी.” त्यानं तुम्हाला ओळखलंय, मानही हलवतो. शेर पोत्यात बुडवतो, भरतो, वर उचलतो, आणि तुमच्या डोळ्यांत बघत तळहात काठावरून सपकन फिरवतो.