सेवामंडळाच्या एका सभासदाची ओळख



धर्मग्रामाचा महोत्सव साजरा करितांना मंदिर कोणीं बांधिलें, घंटा कोणीं दिली, हें आपण अगत्यानें आठवितों. परंतु ज्या सभासदांनीं आठवड्यामागून आठवडा गोरगरिबांच्या दारीं जाऊन त्यांची विचारपूस केली, त्यांचीं नांवें संगमरवरी पाटीवर कोरलेलीं नसतात. म्हणून अशा सभासदांत जो आद्य, त्याचीच ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजीं इटलींतील मिलान शहरीं झाला. बालपण फ्रान्सांतील लियाँ येथें गेलें. १८३१ सालीं ते कायद्याच्या अभ्यासासाठीं पॅरिसला आले. पुढल्याच वर्षीं त्या नगरांत पटकीच्या सांथीनें हजारों माणसें मेलीं. विद्यार्थ्यांच्या एका इतिहासमंडळांत त्या वेळीं श्रद्धावंत व अश्रद्ध यांचे वाद रंगत. एकदां एका विरोधकानें विचारिलें कीं, तुमच्या धर्मानें पूर्वीं थोर कामें केलीं खरीं, पण आज तुम्ही काय करितां? प्रश्न बोंचक होता, परंतु अन्यायाचा नव्हता. त्याचें उत्तर तोंडानें न देतां हातांनीं द्यावें, असें ओझानाम यांनीं ठरविलें.

२३ एप्रिल १८३३ रोजीं, त्यांस वीस वर्षें पुरीं झालीं त्याच दिवशीं, सात जणांची पहिली सभा भरली. सहा तरुण विद्यार्थी, आणि सातवे वयानें वडील असे वृत्तपत्रकार एमान्युएल बायी. तेच अध्यक्ष झाले. हाताशीं द्रव्य नव्हतें, अनुभवही नव्हता. तेव्हां मूफ्तार रस्त्याच्या वस्तींत सेवा करणाऱ्या सिस्टर रोझाली रांद्यू यांच्याकडे ते गेले. कोणत्या घरीं जावें, हें त्या भगिनीनें दाखविलें आणि वांटावयास अन्नाच्या चिठ्ठ्याही दिल्या. संत विन्सेंट डी पॉल यांस सभेनें आपला आश्रयदाता मानिलें.

या सभेची रीत साधी होती: एकत्र प्रार्थना करावी, यथाशक्ति वर्गणी द्यावी, आणि मदत स्वतः घरीं नेऊन पोंचवावी. शेवटली गोष्टच सर्वांत कठीण. पैसा दूरूनही देतां येतो. ओळख मात्र उंबरठा ओलांडल्यावांचून होत नाहीं.

पुढें ओझानाम सोरबोन विद्यापीठांत प्राध्यापक झाले, गृहस्थाश्रमी झाले, एका कन्येचे पिता झाले. तरी घरभेटी सुटल्या नाहींत. जून १८४८ मध्यें पॅरिसांत श्रमिकांचें बंड उसळलें. आर्चबिशप आफ्र यांनीं मध्यस्थी करावी, अशी ओझानाम व त्यांच्या मित्रांनीं विनंति केली. आर्चबिशप मोर्चेबंदीपाशीं गेले, तेथें त्यांस गोळी लागली, आणि २७ जून रोजीं ते देवाघरीं गेले. ज्यानें सद्हेतूनें तो सल्ला दिला, त्याच्या हृदयावर केवढा घाव बसला असेल! तथापि गरिबांविषयीं त्यांचें मन कडू झालें नाहीं. ८ सप्टेंबर १८५३ रोजीं, अवघ्या चाळिसाव्या वर्षीं, मार्सेय येथें त्यांचें निधन झालें. २२ ऑगस्ट १९९७ रोजीं पोप जॉन पॉल दुसरे यांनीं त्यांस धन्यवादित घोषित केलें.

सेमिनरींत आम्हीं हें नांव परीक्षेपुरतें पाठ केलें होतें. त्याचा अर्थ उमगला तो एका वृद्ध सभासदाबरोबर घरभेटीस गेल्यावर. आम्ही दारांत उभे राहून तांदुळाची पिशवी पुढें केली. तो मात्र आंत जाऊन आजारी बाईच्या चटईशेजारीं जमिनीवर बसला आणि तिच्या मुलाची नांवानें चौकशी करूं लागला. परततांना तो इतकेंच म्हणाला, "फादर, पिशवी मागाहून द्यावी." त्या दिवशीं दान आमच्या हातीं होतें, पण सेवा त्याची होती, हें कबूल करण्यास आम्हांस लाज वाटत नाहीं.

बंधुभगिनींनो, त्या विरोधकाचा प्रश्न अजून जुना झालेला नाहीं. महोत्सवाची रोषणाई उतरल्यावर तो आपल्याही दारीं येईल. तेव्हां आपल्या वस्तींतील एका तरी दुःखी कुटुंबाचें नांव आपणांस ठाऊक असो, आणि त्यासही आपलें ठाऊक असो, हीच प्रभु येशूचरणीं आमची प्रार्थना.