फटफटी सुरू का होत नाही? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

१/ पावसाळ्याची सकाळ, अंगणात बंद पडलेली मोटारसायकल, किक मारून घामाघूम झालेला स्वार आणि शेजारी उभा राहून “प्लग काढून बघ” असा सल्ला देणारा एक अनुभवी गृहस्थ. हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. मेकॅनिक आला की तीनच गोष्टी तपासतो: पेट्रोल येते का, करंट येतो का, कॉम्प्रेशन आहे का. या तीन प्रश्नांमागे सुमारे एकशे चाळीस वर्षांचा इतिहास उभा आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ आरंभी करंट हा प्रश्नच नव्हता. १८८५ साली गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी जी दुचाकी बनवली, तिच्यात ठिणगी नव्हती. सिलिंडरला जोडलेली एक नळी बर्नरच्या ज्योतीने लालभडक तापवायची आणि त्या उष्णतेने आतले मिश्रण पेटवायचे, अशी ही युक्ती. हा सगळा विस्तव खोगिराच्या खाली. पहिल्याच फेरीत बैठकीने पेट घेतला, असे सांगतात.

३/ १८९४ मध्ये म्युनिकच्या हिल्डेब्रँड आणि वोल्फम्युलर यांनी विक्रीसाठी मोठ्या संख्येने मोटारसायकली बनवण्यास आरंभ केला. याही यंत्रात तीच तप्त नळी. इंजिनाचे दांडे थेट मागच्या चाकाला जोडलेले आणि क्लच नाही. म्हणजे आधी बर्नर पेटवा, नळी तापू द्या, मग गाडीसोबत धावा आणि इंजिन पेटताच उडी मारून बसा. ज्याला आपण आज ‘धक्का स्टार्ट’ म्हणतो, ती तेव्हा आणीबाणीची युक्ती नसून रोजची रीत होती.

४/ पुढे बॅटरी आणि कॉइल आली. परंतु त्या काळच्या बॅटऱ्या नाजूक, जड आणि वाटेतच संपणाऱ्या. यावर उत्तर मिळाले १९०२ साली. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील अभियंता गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. लोहचुंबकाच्या क्षेत्रात फिरणारे तारेचे वेटोळे स्वतःच वीज निर्माण करी आणि ती थेट स्पार्क प्लगपर्यंत पोचवी. बॅटरीची गरजच संपली.

५/ मात्र मॅग्नेटोचा एक स्वभाव होता. तो जितक्या वेगाने फिरेल, तितकी ठिणगी सशक्त. हळू किक मारली की ठिणगी क्षीण. जुन्या गाड्यांना ‘जोरात एकच किक’ लागते, या समजुतीचे एक मूळ इथे आहे. कॉइलच्या गाडीचे नेमके उलटे: बॅटरी चांगली असेल तर हळू फिरूनही ठिणगी पडते, बॅटरी उतरली की कितीही जोर लावा, व्यर्थ.

६/ आता १९१४. महायुद्ध पेटले आणि ब्रिटनच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. त्यांची विमाने, लष्करी ट्रक आणि मोटारसायकली ज्या मॅग्नेटोवर चालत, ते बहुतांशी जर्मनीहून, बॉशकडून येत. गाडी सुरू न होण्याचे कारण आता प्लग किंवा जेट नव्हते. शत्रूचा कारखाना होता. घाईघाईने देशी मॅग्नेटो उभे करावे लागले आणि तो उद्योग ब्रिटनमध्ये खऱ्या अर्थाने तेव्हा रुजला. त्याच युद्धात निरोप्यांनी हजारोंच्या संख्येने वापरलेली गाडी होती ट्रायम्फची मॉडेल एच. गंमत अशी की ट्रायम्फचे संस्थापक सिगफ्रीड बेटमान हे मूळचे न्यूरेंबर्गचे, आणि युद्ध सुरू झाले तेव्हा कोव्हेंट्रीचे महापौर!

७/ मॅग्नेटोतील एका दोषाचा धागा मात्र हिंदुस्थानपर्यंत येतो. आतल्या वेटोळ्याच्या विद्युतरोधासाठी शेलॅक, म्हणजे शुद्ध केलेली लाख वापरत. जगातील लाखेचा मोठा पुरवठा आपल्याकडून, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगलांतून होई. ही लाख कालांतराने ओल धरी, उष्णतेने मऊ पडे. परिणाम चमत्कारिक: सकाळी थंड गाडी पहिल्या किकला सुरू, आणि वीस मैल जाऊन चहाला थांबलात की गरम इंजिन काही केल्या पेटत नाही. स्वार कार्बोरेटर खोलून बसे. दोष लाखेत असे.

८/ किकचा दांडा तरी कोणाचा? यॉर्कशायरच्या आल्फ्रेड अँगस स्कॉट याने १९०८ च्या सुमारास आपल्या टू-स्ट्रोक गाडीला तो बसवला. तोवर पेडल मारणे किंवा पळणे, हेच दोन मार्ग.

९/ आपल्याकडे १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि १९६१ पासून म्हैसूरला जावा गाड्या बनू लागल्या. जावाचा किकचा दांडाच पुढे दाबला की गिअरचा होई. बुलेटचा विधी वेगळा: डीकॉम्प्रेसरची कळ ओढा, अ‍ॅमीटरचा काटा पाहत किक हळूहळू दाबा, काटा मध्यावर आला की कळ सोडा, आणि मग पूर्ण ताकदीने एक किक. काटा मध्यावर येणे म्हणजे पॉइंट उघडले, पिस्टन नेमक्या जागी आला. हे न करता नुसता जोर केला तर दांडा उलटून नडगीवर बसे.

१०/ पॉइंट हा या सगळ्या पिढीचा नाजूक अवयव. बुलेटच्या पॉइंटमधील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, ती मोजायला फिलर गेज नसेल तर जाडसर कागदावर काम भागे. पॉइंट काळे पडले की पॉलिश पेपरने घासायचे. पुन्हा पुन्हा काळे पडत असतील तर दोष बहुधा कंडेन्सरचा. प्लग ओला निघाला तर पेट्रोल पोचते आहे, करंट शोधा. कोरडा निघाला तर कॉक, नळी आणि जेट तपासा. माझ्या मते सामान्य माणसाला कार्यकारणभाव शिकवणारी याहून चांगली शाळा नव्हती.

११/ १९८० च्या दशकात जपानी सहकार्याच्या १०० सीसी गाड्या आल्या आणि त्यांच्यासोबत इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पॉइंट घासण्याची गरज उरली नाही, पण सीडीआयची डबी बिघडली तर ती उघडून पाहण्यासारखेही काही उरले नाही. बदला, एवढेच.

१२/ एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आले आणि बहुतेक मोटारसायकलींवरून कार्बोरेटर गेला. आता पेट्रोलचा पंपही विजेवर चालतो. बॅटरी पूर्ण संपली तर उतारावरून ढकलूनही बहुधा उपयोग नाही. दोष काय, ते यंत्र स्वतःच नोंदवते आणि डॅशवर पिवळा दिवा लावते. ही सोय मोठी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. रात्री घाटात बंद पडलेल्या गाडीशेजारी ज्याने प्लग पुसत तास काढला आहे, तो जुन्या दिवसांसाठी फार अश्रू ढाळणार नाही. फक्त ती नोंद वाचायला लागणारे उपकरण आणि सॉफ्टवेअर कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याच्या हाती किती असावे, हा वाद आता सुरू झाला आहे.

१३/ आणि बुलेट? २०२३ मध्ये आलेल्या नव्या बुलेट ३५० ला किकच नाही.