मधुकर पिचड : राखीव जागेवरचा आमदार ते विरोधी पक्षनेता

मधुकर काशिनाथ पिचड (१ जून १९४१ – ६ डिसेंबर २०२४) हे महाराष्ट्रातले ज्येष्ठ आदिवासी नेते होते. १९८० ते २०१४ अशी सलग चौतीस वर्षे, सात निवडणुका जिंकून ते अकोले मतदारसंघाचे आमदार राहिले. आदिवासी विकास मंत्री, विधानसभेतील विरोधी पक्षनेते आणि राष्ट्रवादी काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष ही पदे त्यांनी सांभाळली. समाजाने ते महादेव कोळी.

हे अकोले म्हणजे विदर्भातले अकोला नव्हे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला सह्याद्रीत वसलेला हा तालुका. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड इथलेच. इंग्रजांविरुद्ध बंड करून १८४८ मध्ये ठाण्यात फासावर गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. पिचडांचे गाव राजूर. आज आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालयही तिथेच आहे.

पिचडांचे राजकारण समजून घ्यायचे तर आधी तालुक्याची ठेवण पाहावी लागते. पश्चिमेला डोंगर, धो धो पाऊस, भातखाचरे आणि आदिवासी वाड्या. पूर्वेला प्रवरेच्या खोऱ्यातली बागायत, ऊस आणि बहुतांश बिगरआदिवासी गावे. जिल्ह्यात अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेली ही एकमेव विधानसभा जागा. पण राखीव असतो तो फक्त उमेदवार, मतदार सगळेच असतात. आदिवासी लोकसंख्या निम्म्याच्या आसपास असलेल्या या तालुक्यात केवळ डोंगरातल्या मतांवर सात वेळा निवडून येणे शक्य नव्हते. म्हणूनच पिचड जितके आदिवासींचे नेते होते, तितकेच अगस्ती सहकारी साखर कारखान्याचेही.

सुरुवात झाली १९७२ मध्ये, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीपासून. पुढे काही वर्षे ते अकोले पंचायत समितीचे सभापती होते आणि १९८० मध्ये काँग्रेसकडून विधानसभेत गेले.

नऊ टक्क्यांची गोष्ट

१९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात आदिवासी विकास खाते पिचडांकडे होते. त्याच काळात आदिवासी उपयोजनेच्या पैशाची रीत बदलली. आधी प्रत्येक खाते आपल्या मर्जीने 'एवढा खर्च आदिवासींसाठी' असे दाखवायचे. रस्ता तालुक्याच्या सखल भागात व्हायचा आणि हिशेबात डोंगर यायचा. माजी मुख्य सचिव द. म. सुकथनकर यांच्या समितीने ही पद्धत उलटी केली. राज्याच्या योजनेतून आदिवासींच्या लोकसंख्येएवढा, म्हणजे साधारण ९ टक्के, निधी आधी बाजूला काढायचा आणि तो कुठे खर्च करायचा हे आदिवासी विकास विभागाने ठरवायचे. १९९३-९४ पासून हे लागू झाले आणि नियोजन आयोगाने पुढे इतर राज्यांनाही हा नमुना घ्यायला सांगितले. आदिवासी विकास खात्याला खरे वजन आले ते यानंतर. दरवर्षी पूर्ण ९ टक्के मिळतात का, मिळालेले खर्च होतात का, हा वाद मात्र आजही चालू आहे.

आदिवासी कोण?

पैशाच्या वाटणीपेक्षा अवघड प्रश्न होता यादीचा. अनुसूचित जमातींच्या यादीत 'महादेव कोळी' आहे, पण राज्यात कोळी नाव लावणारे इतरही अनेक समाज आहेत. १९७६ च्या कायद्याने जमातींवरचे क्षेत्रबंधन उठले, तशी राज्यभरातून महादेव कोळी, हलबा अशा नावांनी दाखले मागणाऱ्यांची संख्या वाढली. अशाच एका महादेव कोळी दाखल्यावरून माधुरी पाटील खटला उभा राहिला. २ सप्टेंबर १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला आणि दाखल्यांच्या पडताळणीसाठी समित्या, दक्षता पथक अशी सगळी पद्धत घालून दिली. जात पडताळणी समितीच्या दारात उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांची आजची धावपळ या निकालातून आलेली आहे.

त्यानंतर तीन महिने व्हायच्या आत, २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, नागपुरात हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला. मागणी होती अनुसूचित जमातीच्या सवलतींची. चेंगराचेंगरीत ११४ जणांचा जीव गेला, त्यात स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. आदिवासी विकास मंत्री म्हणून पिचडांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. गोवारींचा प्रश्न न्यायालयात पुढे बरीच वर्षे राहिला. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, तो डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

राजीनाम्याने पिचडांची कारकीर्द थांबली नाही. १९९५ मध्ये युतीचे सरकार आले आणि काँग्रेसने त्यांना विरोधी पक्षनेता केले. राखीव जागेवरच्या आमदाराला सहसा आदिवासी विकास हे एकच खाते दाखवले जाते. सगळ्या राज्याच्या प्रश्नांवर सरकारला धारेवर धरण्याचे काम पिचडांकडे आले, हे म्हणूनच महत्त्वाचे. १९९९ मध्ये ते शरद पवारांबरोबर राष्ट्रवादीत गेले.

२०१३ मध्ये आदिवासी विकास खाते पुन्हा त्यांच्याकडे आले आणि यादीचा प्रश्नही परत समोर आला. २०१४ च्या उन्हाळ्यानंतर धनगर समाजाने अनुसूचित जमातीत समावेशासाठी मोठे आंदोलन उभारले. पिचडांनी मंत्रिपदावर असताना त्याला उघड विरोध केला. अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या नेत्याला ही भूमिका स्वस्त पडणारी नव्हती. पण त्यांच्या पाठीराख्यांना दुसरी भूमिका चालली नसती.

निळवंड्याचे पाणी

भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. पाणी अकोल्याच्या डोंगरात अडले आणि ऊस पिकला तो मुख्यतः खालच्या तालुक्यांत. त्याच प्रवरेवर निळवंडे धरणाचा विषय निघाला तेव्हा अकोल्यात पुन्हा तेच होणार ही धास्ती होती. आधी पुनर्वसन, मग धरण, असा पिचडांचा आग्रह राहिला. तालुक्याच्या चढावरच्या शेतीसाठी उच्चस्तरीय कालव्यांचा पाठपुरावाही त्यांनी केला. खालच्या दुष्काळी गावांना मात्र धरण रखडल्याचा राग होता आणि तोही खोटा नव्हता. १९७० मध्ये कल्पना मांडलेल्या या प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले २६ ऑक्टोबर २०२३ रोजी.

तोवर अकोल्याचे राजकारण पालटले होते. २०१४ मध्ये मुलगा वैभव पिचड राष्ट्रवादीकडून आमदार झाले. २०१९ मध्ये पिता-पुत्र भाजपमध्ये गेले आणि त्याच वर्षी राष्ट्रवादीच्या डॉ. किरण लहामटे यांनी वैभव यांचा मोठ्या फरकाने पराभव केला. २०२२ मध्ये अगस्ती कारखान्याची सत्ताही गेली. २०२४ ला वैभव अपक्ष लढले, पण लहामटे पुन्हा निवडून आले. तो निकाल लागला २३ नोव्हेंबरला. ऑक्टोबरमध्ये ब्रेन स्ट्रोक झाल्यापासून मधुकर पिचड नाशिकच्या रुग्णालयात होते. ६ डिसेंबरला तिथेच त्यांचे निधन झाले.