तंजावरचा जामीन

युद्धात कमावले आणि तहात गमावले, असे आपण मराठी माणसे उठताबसता म्हणतो. तंजावरच्या भोसल्यांची गत याहून न्यारी. त्यांच्या सगळ्यात महत्त्वाच्या तहात एका बाजूला राजा होता, दुसऱ्या बाजूला नवाब होता; पुढे दोघेही बुडाले आणि राज्य तिसऱ्याच्या घरात गेले. हा तिसरा त्या कागदावर जामीन म्हणून आला होता. कावेरीच्या मुलखात तह कसे होत आणि त्यांत जामीन कसा शिरला, याचा माग काढला तर दोनअडीचशे वर्षांचे राजकारण उलगडते.

सुरुवात भोसल्यांच्या आधी, नायकांच्या काळात. १६२० साली डेन्मार्कचा ओवे गेड्डे हा दर्यावर्दी कोरोमंडल किनाऱ्यावर आला. तंजावरच्या रघुनाथ नायकाने डॅनिश कंपनीला तरंगमबाडी हे किनाऱ्यावरचे गाव, किल्ला बांधण्याची मुभा आणि व्यापाराची सवलत दिली. बदल्यात दरसालची खंडणी ठरली. रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या चौथ्या ख्रिश्चन राजाला सोन्याच्या पत्र्यावर तमिळ पत्र कोरून पाठवले. ते आजही कोपनहेगनच्या अभिलेखागारात आहे. युरोपच्या लेखी हा दोन राजांमधला तह. तंजावरच्या दरबारी मात्र तो परदेशी व्यापाऱ्याला दिलेला कौल होता. जमीन राजाची, किल्ला पाहुण्याचा आणि खंडणी खजिन्यात. जामिनाची गरजच नव्हती, कारण देणारा वरचढ होता.

१६७५-७६च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले, तेव्हा हीच रीत त्यांच्याकडे वारशाने आली. नागपट्टणम पोर्तुगिजांकडून डचांनी १६५८मध्ये घेतले होते आणि नायकांकडून सनदही मिळवली होती. राज्य पालटल्यावर डच नव्या राजापुढे हजर झाले. १६७६च्या डिसेंबरात व्यंकोजींनी त्यांचे हक्क कायम केले, तेही चांदीच्या पत्र्यावर, तमिळमध्ये. राजा मराठी, पाहुणा डच, मजकूर तमिळ. रयतेला आणि बंदरातल्या व्यापाऱ्यांना जी भाषा कळते तिच्यात शब्द दिला, म्हणजे तो सर्वांदेखत दिल्यासारखा झाला.

पुढच्याच वर्षी एक घरचा तह झाला. दक्षिण दिग्विजयावर निघालेले शिवाजी महाराज १६७७च्या पावसाळ्यात कोळ्ळिडम नदीच्या काठी तिरुमलवाडीला उतरले आणि सावत्र भाऊ व्यंकोजींची भेट झाली. शहाजीराजांच्या मिळकतीत महाराजांनी अर्धा वाटा मागितला. व्यंकोजींना ते पटले नाही; एका रात्री ते नदी ओलांडून गुपचूप तंजावरला निघून गेले. पुढे वालिकोंडपुरमजवळ दोन्हीकडच्या फौजा भिडल्या. अखेर दीपाबाईंनी नवऱ्याची समजूत घातली, कारभारी रघुनाथपंत हणमंते मध्ये पडले आणि समझोता झाला. बखरींनी जपलेला हा तह एकोणीस कलमांचा आहे. त्यातली बंगळूर आणि भोवतालच्या परगण्यांची नेमणूक पाहा. महाराजांनी तो मुलूख व्यंकोजींच्या हाती न देता दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला. वाटणीचा तंटा मिटवताना भावजयीची ओटी भरली, त्यामुळे भाऊ हरला असे कुणालाच म्हणता येईना. इथे जामीन होता, पण तो घरातला होता. त्याला राज्यातला तुकडा नको होता, घर सांधलेले हवे होते.

पुढच्या पिढ्यांत घर फाटले आणि बाहेरचे आत आले. १७३८मध्ये गादीच्या भांडणात शहाजी नावाच्या दावेदाराने पाँडिचेरीच्या फ्रेंचांना मदतीच्या बदल्यात कारैकल कबूल केले. गादी मिळताच त्याने हात आखडता घेतला. तरी फ्रेंचांनी १७३९मध्ये त्यांच्या बाजूचा सरदार चंदासाहेब याच्या जोरावर कारैकल घेतलेच. त्याच वर्षी प्रतापसिंह गादीवर आले. पदच्युत शहाजी १७४९मध्ये इंग्रजांच्या दारी गेला. इंग्रजांची पहिली मोहीम फसली. दुसऱ्या खेपेला मेजर लॉरेन्सने कोळ्ळिडमच्या मुखाशी असलेला देवीकोट्टईचा किल्ला घेतला. तरणा क्लाइव्ह त्या लढाईत होता. मग इंग्रजांनी ज्याच्यासाठी तलवार उपसली त्यालाच बाजूला सारून प्रतापसिंहांशी तह केला. किल्ला आणि सालीना ९,००० पॅगोडा उत्पन्नाची जमीन कंपनीला, मोहिमेचा खर्चही कंपनीला, आणि शहाजीला ४,००० रुपयांची नेमणूक. तो पुन्हा उठाव करणार नाही, याची हमी इंग्रजांनी घेतली. तंजावरच्या कारभारात इंग्रज जामीन म्हणून शिरले ते इथे.

त्या काळी तह म्हणजे रोखाच झाला होता. संकटात सापडलेल्या प्रतापसिंहांनी चंदासाहेबाला ५६ लाखांचा कर्जरोखा लिहून दिला होता. चंदासाहेब मेला, रोखा फ्रेंचांकडे राहिला. १७५८मध्ये फ्रेंच सेनापती लाली तोच कागद घेऊन तंजावरच्या तटाखाली येऊन बसला. दारूगोळा सरत आला आणि इंग्रजी आरमाराची बातमी आली, तेव्हा तो हात हलवत परतला.

खरा पेच १७६२चा. अर्काटचा नवाब महंमद अली इंग्रजांच्या कर्जात बुडाला होता आणि कर्ज फेडायला त्याला तंजावरचा पैसा हवा होता. तंजावर आपले मांडलिक आहे, असा त्याचा दावा. आपण स्वतंत्र आहोत, असे प्रतापसिंहांचे म्हणणे. मद्रासचा गव्हर्नर जॉर्ज पिगट मध्यस्थ झाला. मागची बाकी २२ लाख, ती पाच हप्त्यांत. पुढे दरसाल ४ लाख. आणि हे सारे इंग्रजांच्या हमीवर. नवाबाची पुढे अशी तक्रार होती, की पिगटने माझ्या हातून शिक्का हिसकावला आणि स्वतःच कागदावर उठवला. ही तक्रार खरी असो वा रंगवलेली, त्या तहाचे मर्म तीत आले आहे. राजाने पैसे मोजायचे, नवाबाने ते घ्यायचे आणि घेऊन आपल्या सावकाराला द्यायचे. तो सावकार म्हणजे कंपनी आणि तिचे नोकर. ज्याच्या खिशात पैसा जाणार, तोच हमीदार.

हमी किती टिकली? १७७१मध्ये नवाबाने हप्ता थकल्याची सबब पुढे करून इंग्रजी फौजेसह तंजावरला वेढा घातला. प्रतापसिंहांनंतर गादीवर आलेल्या तुळजाजीराजांनी नवाबाच्या मुलाशी परस्पर तह करून वेळ मारून नेली. तरी १७७३च्या सप्टेंबरात त्याच फौजेने शहर घेतले आणि तुळजाजींना कैद केले. ज्याने राजाच्या गादीची हमी दिली, त्याच्याच तोफांनी तट पाडला. लंडनमध्ये कंपनीच्या संचालकांना हे फार झाले असे वाटले. त्यांनी पिगटला परत पाठवले आणि ११ एप्रिल १७७६ रोजी त्याने तुळजाजींना पुन्हा गादीवर बसवले. त्याची किंमत म्हणून किल्ल्यात इंग्रज पलटण आणि तिच्या खर्चाला दरसाल ४ लाख पॅगोडा. दरम्यान नवाबाने तंजावरचा वसूल पॉल बेनफील्ड या सावकारी करणाऱ्या कंपनी-नोकराकडे गहाण टाकला होता. त्या दाव्यांवरून मद्रासच्या कौन्सिलात फूट पडली, कौन्सिलरांनी आपल्याच गव्हर्नरला अटक केली आणि पिगट १७७७मध्ये कैदेतच मेला.

जामीनकीची ताकद मराठ्यांना ठाऊक नव्हती असे नाही. १७८२च्या सालबाईच्या तहात महादजी शिंदे पेशवे आणि इंग्रज यांच्यामधले जामीन झाले आणि त्यांचे वजन उत्तरेत केवढे वाढले ते सर्वज्ञात आहे. महादजींनी जी जागा स्वतः मिळवली, तीच तंजावरने दुसऱ्याला दिली होती.

मग उरला शेवटचा कागद. तुळजाजींचे दत्तकपुत्र सरफोजी यांचा हक्क डावलून १७८७मध्ये अमरसिंह गादीवर आले, तेव्हा दत्तकाचा वाद सोडवणारेही इंग्रजच. १७९८मध्ये त्यांनीच सरफोजींना बसवले. २५ ऑक्टोबर १७९९च्या तहाने सरफोजींनी मुलकी आणि लष्करी कारभार कंपनीला दिला. त्यांना वर्षाला १ लाख स्टार पॅगोडा, निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा आणि तंजावरचा किल्ला राहिला. चारच वर्षांनी, १८०३मध्ये, त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. राज्य कागदावर गेले होते, म्हणून वंश दगडावर लिहिला.

१८५५च्या ऑक्टोबरात सरफोजींचे पुत्र शिवाजी निपुत्रिक वारले. कंपनीने गादी खालसा केली आणि पुढच्या वर्षी राजवाड्यातली खासगी मालमत्ताही जप्त केली. राणी कामाक्षीबाई साहेब मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. १८५९मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला: एका सार्वभौम सत्तेने दुसऱ्या राज्याविरुद्ध केलेली ही राजकृती आहे, तिचा न्याय दिवाणी कोर्टाला करता येत नाही. १८६२मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत दिली, पण मेहेरबानी म्हणून. जवळजवळ अडीचशे वर्षांपूर्वी तंजावरचा राजा जसा कौल देई, तसा आता जामीन देऊ लागला.

तह वाचताना आपण मुलूख किती गेला आणि रक्कम किती ठरली तेवढेच पाहतो. त्याआधी हमीचे कलम वाचावे: हमी देणाऱ्याचे कुणाकडे येणे आहे, आणि त्याने शब्द मोडला तर दाद कुठे मागायची? तंजावरच्या तहांत या दुसऱ्या प्रश्नाला कधीच उत्तर नव्हते. पुढे भारतीय राज्यघटनेच्या ३६३व्या कलमानेही संस्थानिकांच्या जुन्या तह-करारांवरचे वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले, आणि ते कलम आजही घटनेत आहे.