मारिएन्थालमधला रिकामा वेळ

मंदी आली की वर्तमानपत्रांत आकडे येऊ लागतात. अमुक इतके कारखाने बंद, अमुक लाख लोक बेकार. पण काम सुटलेल्या माणसाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस कसा जातो, हे त्या आकड्यांतून कळत नाही. ते मोजून पाहण्याचा एक प्रयत्न ऑस्ट्रियात १९३१-३२ च्या हिवाळ्यात झाला. समाजशास्त्राचे विद्यार्थी आजही तो अभ्यासतात. आपल्याकडे मात्र त्याची माहिती फारशी कोणाला नाही.

व्हिएन्नापासून आगगाडीने अर्ध्या-पाऊण तासावर मारिएन्थाल नावाची वस्ती आहे. १८३० मध्ये तिथे कापडाची गिरणी निघाली आणि गिरणीभोवतीच वस्ती उभी राहिली. कामगारांच्या लांबलचक चाळी, दवाखाना, वाचनालय. आपल्या गिरणगावाचं छोटं रूप म्हणा ना. १९२९ च्या मध्यावर सूतकताई थांबली, मग छपाई, मग ब्लीचिंग, आणि फेब्रुवारी १९३० मध्ये माग बंद पडले. काही महिन्यांत इमारती पाडायला सुरुवात झाली. ज्या खिडक्यांतून गिरणी दिसायची, तिथून आता विटा-लोखंडाचे ढिगारे दिसू लागले. गावात ४७८ कुटुंबं होती. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश घरांत एकही कमावता माणूस उरला नाही.

पॉल लाझार्सफेल्ड, मारी याहोडा आणि हान्स झाईझल ही व्हिएन्नातली तरुण मंडळी. लाझार्सफेल्डना खरं तर कामगारांच्या फुरसतीचा अभ्यास करायचा होता. समाजवादी पुढारी ओटो बाउअर यांनी त्यांना फटकारलं. देशात काम नाही आणि तुम्ही फुरसत कसली मोजता, बेकारी मोजा, असा त्यांचा रोख होता. गंमत अशी की मारिएन्थालमध्ये या मंडळींना सापडली ती फुरसतच, पण भलत्याच रूपातली.

त्यांनी एक नियम घालून घेतला. गावात कोणी नुसतं वही-पेन्सिल घेऊन हिंडायचं नाही, प्रत्येकाने गावाच्या उपयोगाचं काहीतरी करायचं. व्हिएन्नात जुने कपडे गोळा करून, स्वच्छ करून ते गावात वाटले. डॉक्टरांचा मोफत सल्ला सुरू केला, बायकांसाठी शिवणकामाच्या बेतणीचा वर्ग काढला. त्या निमित्ताने घराघरांत जाता आलं.

आता वाचनालयाचंच पाहा. काम नाही म्हणजे वाचायला वेळच वेळ, असं आपल्याला वाटेल. पुस्तकांचं शुल्कही माफ केलेलं होतं. तरीही १९२९ ते १९३१ या दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. गावातल्या जुन्या बागेच्या वाटांवर गवत माजलं होतं. ते काढायला वेळ सगळ्यांनाच होता, पण कोणी काढलं नाही.

एक संशोधक खिडकीमागे घड्याळ घेऊन बसला आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल त्याने मोजली. जवळपास दोन तृतीयांश पुरुष तेवढ्या अंतरात निदान दोनदा थांबत. न थांबता जाणारा दहांतला एखादाच. बायका मात्र पुरुषांच्या दीडपट वेगाने चालत. बायकांची गिरणीतली नोकरी गेली, पण घरातलं काम गेलं नव्हतं. उलट तुटपुंज्या पैशांत स्वयंपाक, कपड्यांना ठिगळं, यातच त्यांचा दिवस संपे. पुरुषांना दिवसाचा तक्ता भरायला दिला तर उठणं, जेवणं, झोपणं याखेरीज त्यांना लिहायला काही सुचेना. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पूर्वी गिरणीतली पाळी संपवून रात्री उशिरापर्यंत घरात राबणाऱ्या अनेक बायकांनी सांगितलं, की गिरणी सुरू झाली तर आम्ही परत जाऊ, आणि ते केवळ पैशासाठी नाही.

रविवारचं महत्त्व संपलं. त्याची जागा दर पंधरवड्याला भत्ता मिळण्याच्या दिवसाने घेतली. भत्त्याच्या आदल्या दिवशी शाळेतल्या निम्म्या मुलांच्या डब्यात कोरडा पाव असे किंवा काहीच नसे. दुसऱ्या दिवशी चित्र बदललेलं दिसे. नाताळला काय हवं, हे मुलांना लिहायला सांगितलं. मारिएन्थालच्या मुलांच्या मागण्यांची किंमत सरासरी १२ शिलिंग भरली, शेजारच्या गावांतल्या मुलांची ३६. मारिएन्थालमधली पुष्कळ मुलं तर ‘आईबाबांकडे पैसे असते तर’ अशाच भाषेत लिहीत होती. इच्छाही बेताने करायला ती शिकली होती.

भत्त्याचा कायदा मोठा कडक होता. किरकोळ कमाई केली तरी भत्ता बंद. झाडं तोडायला मदत करून सरपण घेतलं म्हणून, दूध पोचवून मुलांसाठी थोडं दूध घेतलं म्हणून, बाजा वाजवून चार पैसे मिळवले म्हणून भत्ता गेलेली माणसं गावात होती. मग शेजारी शेजाऱ्यावर चुगली करू लागला. बंदीनंतर अशा तक्रारी सुमारे तिपटीने वाढल्या आणि त्यांतल्या बहुतेक खोट्या निघाल्या. बेकार माणसं एकजुटीने पेटून उठतील असं त्या काळी पुष्कळांना वाटत होतं. मारिएन्थालमध्ये तसं काही घडलं नाही.

या अभ्यासाचा उल्लेख आला की मनाच्या खचण्यावरच भर दिला जातो. मला तो अर्धवट वाटतो. अभ्यासकांनी कुटुंबांचे चार गट केले होते: उमेद टिकवून असलेली, निमूट सोसणारी, हताश झालेली आणि कशाचंच काही न वाटणारी. माणशी मासिक उत्पन्न या गटांत अनुक्रमे ३४, ३०, २५ आणि १९ शिलिंग होतं. म्हणजे उमेद आणि सुन्नपणा यांच्यात पंधरा शिलिंगांचं अंतर होतं. एखादं घर केव्हा खचेल, हे त्याच्या घटत्या भत्त्यावरून सांगता येत होतं. त्यात स्वभावाचा भाग असेलही, पण पैशाचा मोठा होता.

पुस्तक १९३३ मध्ये लाइपझिगला छापलं गेलं. लेखक ज्यू असल्यामुळे मुखपृष्ठावर त्यांची नावं नव्हती. जर्मनीत हिटलरची सत्ता आलेली होती, पुस्तक लवकरच दडपलं गेलं. लाझार्सफेल्ड अमेरिकेत गेले, झाईझलही १९३८ मध्ये गेले. याहोडांना १९३६ मध्ये ऑस्ट्रियाच्या सरकारने तुरुंगात टाकलं आणि देश सोडण्याच्या अटीवर दुसऱ्या वर्षी सोडलं. त्या इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्या. इंग्रजी अनुवाद यायला १९७१ साल उजाडलं.

२००१ मध्ये याहोडा गेल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये मारिएन्थाल ज्यात मोडतं त्या ग्रामाटनॉयझीडल गावात रोजगार खात्याने एक प्रयोग सुरू केला. वर्षाहून अधिक काळ बेकार असलेल्या प्रत्येकाला, त्याची इच्छा असेल तर, रीतसर वेतनाचं काम देऊ केलं. प्रयोग २०२४ पर्यंत चालला. दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याची तपासणी केली. उत्पन्न सुधारलं, शारीरिक आरोग्यात मात्र तेवढ्या काळात फरक दिसला नाही. त्यांच्या प्रश्नावलीत याहोडांच्या विचारांवर बेतलेले काही प्रश्नही होते: दिवसाला काही आखणी आहे का, लोकांशी भेटीगाठी होतात का, आपली कोणाला किंमत वाटते का. काम मिळालेल्यांची उत्तरं या प्रश्नांवरही स्पष्टपणे बदललेली होती.