फळमाशीची उपासना

पेणच्या बाजारांत पिकल्या केळ्यांवर घोंगावणारें चिलट आपण हातानें झटकून टाकतों. वेरोनिका रॉड्रिग्जबाईंनीं अशाच फळमाशीस आपलें आयुष्य वाहिलें. १९५३ सालीं केनियांत एका गोमंतकीय कुटुंबांत त्या जन्मल्या. डब्लिन येथें शिकत असतां ओबेद सिद्दिकी ह्यांचें संशोधन त्यांच्या वाचनांत आलें. त्यांनीं पत्र धाडलें व युरोप सोडून मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था गांठली.

ही माशी सुमारें दहा दिवसांत नवी पिढी देते. त्यामुळें आनुवंशिक दोष लवकर पारखतां येतो. चव वा गंध न कळणाऱ्या माशा निवडून त्या उणीवेचें मूळ कोणत्या जनुकांत आहे, हें बाईंनीं शोधिलें. १९७८ सालीं गुरुशिष्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. २०१० सालीं बाई निवर्तल्या. चिलट झटकतांना आतां माझा हात क्षणभर थबकतो.