पर्वताच्या पाठीवरील उज्जयिनी

भैरवगढच्या घाटावर उभे राहून चारी दिशांना दृष्टी टाकली, तर कालभैरवाचा कळस दिसतो, क्षिप्रेचे वळण दिसते; परंतु डोळ्यांत भरेल असे एकही गिरिशिखर दिसत नाही. आपण उज्जयिनीकर पर्वताच्या पाठीवर राहतो, असे कोणी सांगितले तर सहसा पटणार नाही. तरीही ते सत्य आहे, आणि या नगरीच्या इतिहासाचा एक धागा त्या सत्यातूनच निघतो.

विंध्याद्रीचे रूप पाहावयाचे, तर दक्षिणेकडून यावे. महेश्वर, मंडलेश्वरच्या नेमाडी सपाटीवरून तो भिंतीसारखा उभा दिसतो. घाट चढून वर आले की मात्र पलीकडे उतरण लागत नाही. समोर काळ्या जमिनीचे पठार पसरलेले असते, आणि ते हळूहळू उत्तरेकडे कलत जाते. हेच माळवा. उज्जयिनी समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. महूजवळचे जानापाव हे शिखर सुमारे ८५० मीटर उंच. परंतु पठारावरून पाहणाऱ्यास ती एक टेकडीच वाटते.

सह्याद्रीची घडणही अशीच आहे. कोकणातून कडा, वर देशाचे पठार. कळसूबाईचा १६४६ मीटर उंचीचा डोंगर आणि माळव्याची काळी जमीन ही दोन्ही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांतून घडली आहेत. घाट चढून माळव्यात आलेल्या मराठी माणसाला ही भूमी परकी वाटली नसावी.

दक्षिणेकडून उज्जयिनीस येण्याची वाट साहित्यालाही परिचित आहे. कालिदासाचा मेघ रामगिरीवरून, म्हणजे अनेक विद्वानांच्या मते आपल्या विदर्भातील रामटेकहून निघतो. विंध्याच्या पायथ्याशी रेवा पाहतो आणि वाट वाकडी करून उज्जयिनीस येतो. मेघाला घाटाची अडचण नव्हती. सैन्याला होती. नोव्हेंबर १७२८ मध्ये माळव्याचा सुभेदार गिरधर बहादूर अमझेऱ्याजवळ घाट रोखून बसला होता. चिमाजीअप्पांची फौज मांडूच्या बाजूने वर चढली आणि त्याच्यावर अचानक कोसळली. गिरधर बहादूर व दया बहादूर दोघेही पडले. उज्जयिनीला पडलेला वेढा त्या वेळी यशस्वी झाला नाही. परंतु पर्वताचे दार उघडले ते उघडलेच. १७४१ मध्ये माळव्याची बादशाही सनद पेशव्यांना मिळाली. उज्जयिनी शिंद्यांची राजधानी झाली, आणि दौलतरावांनी १८१० मध्ये ग्वाल्हेर जवळ करीपर्यंत ती राहिली. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. पुढे अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये जाम घाटाच्या माथ्यावर दरवाजा बांधला. तो आजही उभा आहे.

आपली क्षिप्राही याच पर्वताची कन्या. इंदूरच्या आग्नेयेस उज्जैनी गावाजवळ टेकड्यांत ती उगम पावते आणि पठाराचा कल धरून उत्तरेस वाहते. विंध्याच्या दक्षिण उतारावर पडलेला पावसाचा थेंब नर्मदेतून अरबी समुद्रास मिळतो. उत्तर उतारावरचा थेंब क्षिप्रा, चंबळ, यमुना अशी वाट चालत गंगेस जाऊन मिळतो. क्षिप्रेला हिमाचा आधार नाही. पावसाचे जे पाणी पठाराच्या खडकांतील भेगांत मुरते, त्याच्यावरच ती उन्हाळा काढत असे. झाडी विरळ झाली, नलिकाकूपांनी ते साठे उपसले, आणि पावलापावलावर पाणी म्हणून ख्यात असलेल्या माळव्यातील ही नदी उन्हाळ्यात आटू लागली.

फेब्रुवारी २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी सुमारे ३५० मीटर वर उचलून, जवळजवळ ४७ किलोमीटर लांबीच्या नळांतून क्षिप्रेच्या उगमापाशी सोडण्यात आले. २०१६ च्या सिंहस्थात भाविकांनी त्याच पाण्यात स्नान केले. एके काळी सैन्याने जो चढ चढला, तो आता नदीला यंत्रांच्या बळावर चढावा लागतो. ही सोय उपयुक्त खरीच. परंतु जी नदी पर्वत आपोआप देत होता ती विजेवर आणावी लागते, यात अभिमानापेक्षा चिंतेचे कारण अधिक आहे.

भैरवगढला दर्शनास गेल्यावर वाचकांनी क्षणभर दक्षिणेकडे पाहावे. पर्वत दिसणार नाही. पायाखाली मात्र तोच आहे, आणि त्याच्या माथ्यावरची झाडी राखली तरच समोरची क्षिप्रा आपली राहील.